बारा तारखेपर्यंत जन्मलेले

मी तरुण होते तेव्हाची गोष्ट. चौसष्ट वर्षांची होते. आज सत्तरी ओलांडल्यावर त्या चौसष्ट वर्षांच्या बाईची मला फार गंमत वाटते. गुडघे शाबूत, केसांना मेंदी आणि हातात संगणक वर्गाचं प्रमाणपत्र. ते प्रमाणपत्र तिने लॅमिनेट करून घेतलं होतं. आमचे हे म्हणाले, "देवघरात लाव, रोज हळदकुंकू वाहता येईल." त्यावर तिने रागावायला हवं होतं. पण ती बया देवघराच्या वर खिळा आहे का ते बघून आली.

निवृत्तीनंतर घरात बसून यांच्याशी भांडायचा कंटाळा आला, म्हणून मी बुधवार पेठेतल्या एका वधू-वर सूचक मंडळात जायला लागले. पगार नाही, फक्त दुपारचा चहा. खाली इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकानं, मध्ये अरुंद जिना, वर दोन खोल्या. मंडळ चालवणाऱ्या बाई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे लग्नाळू मुलांच्या आईवडिलांशीही त्या फळ्यासमोर उभं केल्यासारख्या बोलत. एकदा एक गृहस्थ म्हणाले, "आमचा मुलगा दिसायला अगदी राजबिंडा आहे." बाई म्हणाल्या, "फोटो मी पाहिलाय. उत्पन्न सांगा."

त्या वर्षी मंडळाने वेबसाइट काढली. आतापर्यंत लोक जिना चढून येत आणि फॉर्म भरत. आता घरबसल्या भरायला लागले. आठवड्याला सगळ्यांची माहिती एका फाईलमधून आमच्याकडे यायची. साधी फाईल, आत माहितीचे तुकडे आणि मधे स्वल्पविराम. ती एक्सेलच्या तक्त्यात आणायची आणि त्यावरून प्रत्येक स्थळाची चिठ्ठी छापायची, एवढंच काम. चिठ्ठीवर उंची, शिक्षण, नोकरी, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मगाव. ज्यांना पत्रिका बघायची ते ही चिठ्ठी आपापल्या गुरुजींकडे नेत.

बाईंनी विचारलं, "हे कुणाला येतं?"

मी हात वर केला. प्रमाणपत्रवाली दुसरी कोण होती?

फाईलवर मी दोनदा टिचकी मारली. उघडली. आणि पाहते तर मंडळातल्या सगळ्या मुलामुलींची उंची मे महिन्यात गेलेली.

आपल्याकडे उंची कशी लिहितात तुम्हाला ठाऊक आहे. पाच फूट चार इंच म्हणजे पाच, मधे रेघ, चार. आमच्या मंडळाच्या लॅपटॉपच्या पोटात तारखेची अमेरिकन पद्धत बसवलेली होती, म्हणजे आधी महिना, मग दिवस. त्याने पाच-चार बघितलं आणि ठरवलं की ही चार मे. पाच-अकरा म्हणजे अकरा मे. चार फूट अकरा इंचांची एक बुटकी बिचारी अकरा एप्रिलला जाऊन बसली. फक्त बरोबर पाच फूट आणि बरोबर सहा फूट असलेले तेवढे वाचले, कारण शून्य तारीख अमेरिकेतही नसते.

फोन नंबरांची तऱ्हा वेगळीच. प्रत्येकाने पुढे अधिक एक्क्याण्णव लिहिलेलं, म्हणून नंबर लांबलचक झालेले. संगणकाने ते आखडून नऊ पॉइंट एक नऊ, मग इंग्रजी ई, मग अकरा असे करून ठेवले. मंडळातल्या सगळ्यांचा फोन नंबर एकच. आणि शेवटचा रकाना होता अपेक्षांचा. तो लोकांनी मराठीत भरलेला. तिथे टोप्या घातलेल्या इंग्रजी अक्षरांची रांग लागलेली. त्याचं मला विशेष वाटलं नाही, हल्लीच्या मुलांच्या अपेक्षा मला तशाही कळत नव्हत्या.

आता शहाणी बाई काय करेल? थांबेल. काहीतरी मुळात बिघडलंय असं तिच्या मनात येईल. पण आमची चौसष्ट वर्षांची तरुणी पदर खोचून बसली. उंच्या एकेक करून पुन्हा टाइप केल्या. फोन नंबरांचे रकाने 'नंबर' या प्रकारात बदलले, तर प्रत्येकाच्या शेवटी पॉइंट शून्य शून्य लागलं. तेही पुसलं. अपेक्षा वेबसाइटवर जाऊन बघितल्या आणि उतरवून काढल्या.

मग जन्मतारखा. त्या दिसायला ठीक होत्या, पण मला नुसते आकडे भुंडे वाटले. महिन्याचं नाव असलं की तारीख कशी भारदस्त दिसते. म्हणून मी सगळा रकाना निवडला आणि महिन्याचं नाव दिसेल असा प्रकार दिला. बऱ्याच तारखा झटक्यात बदलल्या. बाकीच्या हट्टाने आकड्यातच राहिल्या आणि रकान्याच्या डाव्या कडेला चिकटून बसल्या. मी त्याही हाताने बदलल्या. डावी-उजवीकडे पळालेल्या तारखा बघून डोळ्यांना त्रास होत होता, म्हणून सगळ्या मधोमध आणल्या. वरच्या ओळीला गुलाबी रंग दिला, तक्ता एक्सेलचा म्हणून सेव्ह केला, वर मूळ फाईलही त्याच नावाने सेव्ह करून टाकली आणि बाईंना म्हटलं, "बघा."

बाईंनी चष्मा वर करून बघितलं. "गुलाबी कशाला?"

"लग्नाचं आहे ना."

"बरं." बाईंच्या तोंडून 'बरं' म्हणजे इतरांकडचा सत्कार. मी यांच्यासाठी चितळ्यां... जाऊ दे, दुकानाचं नाव नको, येताना बाकरवडी घेऊन गेले.

तुम्ही ओळखलं असेल. मी ओळखलं नव्हतं. उंची मे महिन्यात गेली तर ते आंधळ्यालाही दिसतं. पण चार जुलैची सात एप्रिल झाली तर ती तारीखच दिसते, तिच्यात खोट काढायला जागा नाही. जे दिसलं ते मी निस्तरलं आणि जे दिसत नव्हतं त्याला गुलाबी टोपी घातली.

मंडळाच्या मेळाव्यात एक जोडी जमत आली होती. मुलगी खडकीची. वडील तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात, मूळचे विदर्भातले, नोकरीपायी पुण्यात आलेले. ती स्वतः एका कंपनीत सुट्या भागांची तपासणी करणारी इंजिनिअर. आधी दोन स्थळांनी "मुलगी जास्त बोलते" म्हणून नाकारलेली. मुलगा लोणी काळभोरचा. घरची शेती, हा तिथल्या कॉलेजात शिकवणारा आणि फारसा न बोलणारा. मेळाव्यात ती बोलत होती आणि तो ऐकत होता, आणि दोघांच्या चेहऱ्यावरून हे असंच चालू राहावं असं वाटत होतं. पुढे ती दोघं चार-सहा वेळा भेटली. मुलीच्या घरी पत्रिका वगैरे काही मानत नसत, तिची कधी मांडलीही नव्हती. मुलाच्या घरी वडील नव्हते, आई होती आणि आईची एकच अट होती, गुण जुळले पाहिजेत.

मी मुलीची चिठ्ठी छापली, पाकिटात घातली आणि तिच्यासमोर मुलाकडे पाठवून दिली. "काळजी करू नकोस, सगळं नीट छापलंय," असंही वर म्हटलं. तोंडाला कुलूप नावाची वस्तू तेव्हा माझ्याकडे नव्हती.

आठवड्याने मुलाच्या आईचा निरोप आला. एकनाड आहे, नको. दोघांची नाडी एक आली की मुलंबाळं होत नाहीत असं मानणारे मानतात, आणि ती माउली मानणारी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी जिना चढून वर आली. रडलेली दिसत होती, पण आवाज सरळ. हातात मी छापलेली चिठ्ठी, मुलाने तिला दिलेली.

"काकू, एक विचारायचं होतं. ही चिठ्ठी माझीच आहे का?"

"तुझीच. वर तुझं नाव आहे की."

"नाव माझं आहे. वाढदिवस माझा नाहीये. मी चार जुलैची. इथे सात एप्रिल लिहिलंय."

"फॉर्म भरताना तूच गडबडली असशील," मी म्हणाले. ही मी. प्रमाणपत्र घेतलेली.

तिने वाद घातला नाही. मोबाइलवर फॉर्म भरल्याची पोच काढली आणि माझ्यासमोर धरली. शून्य चार, शून्य सात, आणि पुढे साल. तिने आपल्या पद्धतीने, आधी दिवस लिहिलेला. मग म्हणाली, "तुमच्या तक्त्यात बारा तारखेनंतर जन्मलेलं कुणी बघू."

मी दाखवलं. ते बरोबर होते.

"यांच्या तारखा तुम्ही हाताने भरल्यात?"

"हो. त्या बदलत नव्हत्या."

"नाहीच बदलणार. तेविसावा महिना नसतो ना, म्हणून कॉम्प्युटरने त्यांना तारीख मानलंच नाही, नुसती अक्षरं म्हणून बाजूला ठेवलं. म्हणून त्या डावीकडे होत्या. बाकीच्यांची त्याने आपल्या मनाने उलटापालट केली. डावी-उजवी बघितली असती तर लगेच कळलं असतं, काकू. पण हे सगळं कुणीतरी मधोमध आणलंय."

"कुणीतरी," बाई आतल्या खोलीतून म्हणाल्या. त्या सगळं ऐकत होत्या. बाहेर येऊन माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. "म्हणजे बारा तारखेपर्यंत जन्मलेल्या सगळ्यांचं चुकलंय?"

"दिवस आणि महिना एकच असेल ते सोडून," मुलगी म्हणाली.

"मी हिची आत्ता बदलून देते," मी घाईघाईने हिच्या तारखेवर कर्सर नेला.

"आणि बाकीच्यांची?" बाई म्हणाल्या. "ती काय तुमच्या ओळखीची नाहीत म्हणून तशीच?"

मूळ फाईल मी त्याच नावाने सेव्ह करून पुरती बाटवली होती. वेबसाइटवरून नवी उतरवली आणि सवयीने तिच्यावर टिचकी मारायला गेले. मुलीने माझं मनगट धरलं. "काकू, ही फाईल बाहेरून उघडायची नसते. आत बोलावून घ्यायची असते."

कोरा तक्ता आधी उघडायचा. मग 'डेटा' नावाच्या ठिकाणी जाऊन सांगायचं की या फाईलमधली माहिती आत घे. संगणक लगेच आत घेत नाही, आधी विचारतो. अक्षरं कुठली? तिथे युनिकोड निवडलं की अपेक्षांच्या रकान्यातल्या टोप्या गेल्या आणि 'निर्व्यसनी, मनमिळाऊ' असं स्वच्छ मराठी उमटलं. तुकडे कशाने तुटलेत? स्वल्पविरामाने. मग प्रत्येक रकान्यावर उभं राहून सांगायचं, हा कोण आहे. उंची म्हणजे मजकूर, आकडा समजू नकोस. फोन म्हणजे मजकूर, त्याची बेरीज करायची नाहीये. जन्मतारीख म्हणजे तारीख, पण आधी दिवस, मग महिना, मग साल. लग्नघरात दारात उभं राहून हे मुलीकडचे, हे मुलाकडचे, हे शेजारी असं सांगत पाहुण्यांना आत घ्यावं, तसं. आणि मी काय केलं होतं, तर मांडवाचं दार उघडं टाकून आचाऱ्याला नवरदेवाच्या पाटावर बसवलं होतं.

तक्ता भरला. पाच-चार हे पाच-चारच. मुलीच्या नावापुढे चार जुलै.

"आता दुसरी चिठ्ठी पाठवू," मी म्हणाले.

बाई म्हणाल्या, "काल एकनाड निघाली, आज मंडळाने तारीखच बदलून पाठवली. तुम्ही त्या आईच्या जागी असता तर काय म्हणाला असता?"

मी त्या आईच्या जागी असते तर काय म्हणाले असते ते इथे लिहिता येत नाही. तरी मी फोन लावला, आणि तिने तेच सभ्य शब्दांत म्हटलं. "पोराचा जीव जडलाय म्हनून तुम्ही सगळ्यांनी मिळून तारीख फिरवली. मला येडी समजू नका." आणि फोन ठेवला.

मुलीचा जन्मदाखला पाठवता आला असता. तो मुलगा म्हणालाही तसं. पण मुलगीच नको म्हणाली. "दाखला मागितला नसताना दाखवला तर जन्मभर त्यांना वाटेल, मी पुरावा देऊन घरात आले." मला ते पटलं. जास्त बोलणाऱ्या मुली कधीकधी मोजकं बोलतात तेव्हा ऐकावं.

तेव्हा घाण ज्याने केली त्याने जाऊन पुसायची असं बाईंनी ठरवलं. मी आणि मंडळाचा लॅपटॉप, दोघं रिक्षात बसून लोणीला गेलो. यांनी जाताना विचारलं, "प्रमाणपत्र बरोबर घेतलंस का?"

मुलाची आई अंगणात ज्वारी पाखडत होती. मला पाटावर नाही, खुर्चीवर बसवलं, म्हणजे मी पाहुणी नव्हते, सरकारी कामाला आलेली बाई होते. पाणी मात्र दिलं.

"बोला."

मी सांगितलं. अमेरिकन पद्धत, बारा तारीख, डावं-उजवं. ती सूप हलवत राहिली.

"ताई, तुमी बोलताय ते समदं मशीनवर ढकलताय. मशीन काय माज्याकडं आलं न्हाई, तुमी आलाय."

"चूक माझीच आहे. मशीनने विचारलं असतं, मी विचारू दिलं नाही."

सूप थांबलं. "मंग बिघडवून दावा."

"काय?"

"कसं बिघडलं ते दावा. नीट करून दावाल, ते कुनीबी दावतंय. आधी माज्या डोळ्यादेखत बिघडवा."

मला तिचं कौतुक वाटलं. एवढ्या वर्षांत आमच्या कचेरीत एकाही साहेबाला हे सुचलं नव्हतं. मी लॅपटॉप उघडला, वेबसाइटवरून उतरवलेली फाईल काढली, आणि टिचकी मारणार तेवढ्यात ती म्हणाली, "त्या पोरीवर नगं. माजा पोरगा हाय का त्यात?"

होता. त्याची तारीख तीन नोव्हेंबर. मी आधी फाईल साध्या अक्षरांत उघडून तिला दाखवली, शून्य तीन, एक एक. तिला आकडे वाचता येत होते, तिने बोट ठेवून वाचले. मग मी दोनदा टिचकी मारली, तारखेला महिन्याचं नाव दिलं आणि लॅपटॉप तिच्याकडे फिरवला.

अकरा मार्च.

ती वाकून बघत राहिली. "ह्यो दिवाळीतला हाय," ती शेवटी म्हणाली. "लक्ष्मीपूजनाची तयारी टाकून मला दवाखान्यात न्हेली हुती. मार्चात कसा?"

"तसाच. तिची जुलैची एप्रिल झाली, तसाच."

"आता नीट करा."

केलं. रकान्यारकान्यावर थांबून, मोठ्याने सांगत. जन्मतारखेपाशी आल्यावर तीच म्हणाली, "आधी दीस. मंग म्हैना." तीन नोव्हेंबर उमटली. त्याच तक्त्यात खाली चार जुलै. तिने दोन्हींवर नजर फिरवली आणि मला म्हणाली, "आत या. च्या करते."

आत पाटावर बसवलं. चहा पिताना तिने सांगितलं की एकनाड कळल्यावर ती स्वतःच दोन रात्री झोपली नव्हती. मुलगी तिलाही आवडली होती. "घरात दोन माणसं, दोनीबी मुकी. म्हनलं, ही आली तर घरात आवाज हुईल. पन पुढं पाळना हलला न्हाई तर समदी मलाच इचारनार, आई असून बघितलं न्हाईस का."

चार जुलै तिने गुरुजींना स्वतः फोन करून सांगितली, महिन्याचं नाव दोनदा घेऊन. मी मान खाली घालून कपातली साय बाजूला करत होते. पलीकडे गुरुजी पंचांग चाळत असावेत. मग ती "हां, हां" करत राहिली आणि फोन ठेवून म्हणाली, "नाडी येगळी हाय. गुनबी पुरतात." आणि लगेच भिंतीकडे तोंड करून पदराने डोळे पुसले. मला ते दिसलं नाही असं मी दाखवलं, आणि खडकीला फोन लावून तिच्याच हातात दिला.

पुढचा महिना मी मंडळातल्या बारा तारखेपर्यंत जन्मलेल्या सगळ्यांना फोन करत होते. बाईंनी समोर बसून ऐकलं, एकही चुकवू दिला नाही. बऱ्याच जणांनी पत्रिका बघितलीच नव्हती. एका आजोबांनी मात्र विचारलं की जुन्या तारखेने छत्तीस गुण जमले होते, तीच ठेवता येईल का.

लोणीच्या लग्नाची पत्रिका छापायची वेळ आली तेव्हा मुलाच्या आईचा मला फोन आला. मला वाटलं, मजकूर दाखवायचा असेल. मी चष्मा शोधायला लागले.

"ताई, पत्रिका छापून झाली," ती म्हणाली. "तारीख मी अक्षरात घातलीय. आकडा एकबी ठेवला न्हाई. न्हाईतर तुमी भलत्याच म्हैन्यात जेवायला याल."

मी वेळेवर गेले. पंगतीत ती स्वतः वाढायला आली आणि माझ्या पानात जिलबी वाढून पुढे सरकली. समोरच्या पाटावरून वधू नवऱ्याला काहीतरी सांगत होती आणि तो ऐकत होता.